पाऊण इंजिनियर, पाव डॉक्टर आणि सुमनअक्का

सुमनअक्का कुणालाही पूर्ण डॉक्टर म्हणत नाहीत. इंजिनियर नाही, वकील नाही, फार्मासिस्टही नाही. आधी विचारतात, "लोन काढेल व्हतं का?" हो म्हटलं की पुढचा प्रश्न, "फिटनं का?" नाही म्हटलं की जरा वेळ बोटांवर काहीतरी मोजतात आणि निकाल देतात. पाव डॉक्टर. अर्धा वकील. पाऊण इंजिनियर. जेवढं कर्ज फिटलं तेवढीच पदवी तुमची, बाकीची बँकेची, असा त्यांचा साधा हिशेब.

धुळ्याच्या देवपुरात आमच्या गल्लीत त्यांचं घर माझ्या घराला लागून आहे. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर एक लोखंडी खुर्ची. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणतात, "नाईट ड्यूटी होती." एवढ्यावर विषय संपतो. खुर्चीवर बसून त्या गल्लीवर अशी नजर ठेवतात की अजून वॉर्डातच आहेत आणि आम्ही सगळे खाटांवर पडलेलो आहोत.

कोपऱ्यावर एका तरुण डॉक्टरने नवीन दवाखाना टाकला तेव्हा अक्का पहिल्या आठवड्यातच बीपी तपासायला गेल्या. मीही रांगेत होतो. त्याने पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला. अक्कांनी विचारलं, "किती राह्यनं?"

"एकशे चाळीस आहे, अक्का. थोडं जास्त आहे."

"ते नही भो. लोन."

तो बिचारा स्टेथोस्कोप कानात तसाच ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "बरंच राहिलंय." अक्कांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, फी ठेवली आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "पावबी नही शे अजून. पण हात चांगला आहे."

त्या माझ्याशी मराठीत बोलतात, पण राग आला किंवा जीव कळवळला की अहिराणीत घसरतात. दोन्ही वेळा आवाज सारखाच असल्यामुळे नेमकं काय झालंय ते ओळखायला मला काही वर्षं लागली.

समोरच्या पाटलांच्या राहुलच्या लग्नपत्रिकेवर 'इंजि.' असं छापलं होतं. अक्कांनी चष्मा लावला, पेन मागवलं आणि त्याच्या आधी सुबक अक्षरात 'पाऊण' लिहून पत्रिका देवापुढे ठेवली. पाटीलवहिनी महिनाभर बोलल्या नाहीत. गणेशोत्सवात मंडळाने गल्लीतल्या पदवीधरांचा सत्कार ठेवला, तर अक्का पहिल्या रांगेत बसून एका बोटाने दुसऱ्या तळहातावर टकटक करत होत्या. शेजारणीने विचारलं, हे काय? "पाव टाळी," म्हणाल्या.

लोक हसायचे. काही चिडायचेही. पण राहुलचा शेवटचा हप्ता फिटला तेव्हा तो पेढे घेऊन आधी मंडळात गेला नाही, देवळात गेला नाही, सरळ अक्कांच्या ओट्यावर आला. अक्का आत गेल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या आणि त्याला खुर्चीवर बसवून म्हणाल्या, "या, इंजिनियर साहेब." डोक्यावरचे केस विरळ झालेला, पोट सुटलेला राहुल, दोन पोरांचा बाप, त्या लोखंडी खुर्चीवर बसून मुळुमुळु रडला. त्या दिवसापासून मी अक्कांच्या हिशेबाला हसणं कमी केलं.

हा हिशेब त्यांनी हवेतून काढलेला नव्हता. त्यांच्या भावाची मुलगी वैशाली. भाऊ पहूरला कापसाच्या जिनिंगवर कामाला, घरात चार तोंडं. पोरगी हुशार म्हणून पाचवीलाच अक्का तिला धुळ्याला घेऊन आल्या. शाळेला सोडायला जाणं, केसांच्या वेण्या घालणं, रात्रपाळी असली की तिला आमच्याकडे झोपायला पाठवणं, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. आत्याला आमच्या भागात फुई म्हणतात. "फुई" अशी हाक आली की अक्का वरणाची फोडणी अर्धवट टाकून बाहेर यायच्या.

वैशालीचा एमबीबीएसचा प्रवेश थोडक्यात हुकला. मग दातांची डॉक्टर व्हायचं ठरलं. लांबच्या एका खाजगी कॉलेजात जागा होती. अक्का तिच्याबरोबर ॲडमिशनला गेल्या आणि परत आल्या त्या पार गप्प होऊन. फी कळली होती. वर हॉस्टेल, वर डिपॉझिट, वर दर वर्षी फी वाढणार तीही वेगळी. बँकेने तारण मागितलं. अक्कांनी घर तारण दिलं. सह्या करून आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "भाऊ, मी आयुष्यभर लोकांना सुया टोचल्या. आज मला कळलं, सुई कशी टोचते."

पोरगी पास झाली. गल्लीत पेढे वाटले. मी सहज म्हणालो, "अक्का, आता घरात डॉक्टर आली." तर म्हणाल्या, "पाव शे." तो हिशेब मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पुढे तो साऱ्या गल्लीला लागू झाला.

खरी पंचाईत पदवीनंतर सुरू झाली. स्वतःचा दवाखाना टाकायचा तर दात तपासायची ती खुर्ची, एक्स-रे मशीन, गाळ्याचं भाडं. म्हणजे पहिल्या कर्जाच्या डोक्यावर दुसरं कर्ज. वैशाली जळगावला एका मोठ्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये नोकरीला लागली. पगार किती ते अक्कांनी कधी सांगितलं नाही. फक्त एकदा म्हणाल्या, "आमच्या दवाखान्यात वॉर्डबॉय बरा होता." हप्ते सुरू झाले. अक्कांची पेन्शन आली की तिच्यातला मोठा तुकडा बँकेत जायचा, आणि उरलेल्यात अक्का, अक्कांची बीपीची गोळी आणि गल्लीतली दोन मांजरं भागायची. दुधाची पिशवी रोजची दिवसाआड झाली. टीव्हीचं रिचार्ज बंद झालं. "आमच्या गल्लीत काय कमी मालिका आहेत?" म्हणायच्या.

स्थळं यायची. मुलगी डॉक्टर म्हटल्यावर येणारच. चहा, पोहे, सगळं छान व्हायचं, आणि उठता उठता कुणीतरी काका घसा खाकरून विचारायचे, "लोनचं कसं करणार मग तुम्ही? लग्नानंतर?" दोन-तीनदा असं झाल्यावर वैशाली म्हणाली, आता कुणाला बोलावू नका. मग सुट्टीला येणं कमी झालं. दिवाळीला आली ती भाऊबीजेला परत गेली. मग फोनही आखडले. कुणी विचारलं की अक्का म्हणायच्या, "पेशंट असतात. दम खायला वेळ नाही तिला."

अशात अक्कांचा दात दुखायला लागला.

खालची दाढ. आधी लवंग धरली. मग लवंगेचं तेल. मग गाल सुजला, मग त्या गालाला ओढणी बांधून ओट्यावर बसायला लागल्या. ओढणीची गाठ डोक्यावर सशाच्या कानांसारखी उभी राहायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पाण्यात भिजवून, बोटाने कुस्करून गिळायच्या. तशाही अवस्थेत बोलणं मात्र थांबलं नाही, फक्त अर्ध्या तोंडाने बोलायच्या, त्यामुळे शिव्याही अर्ध्या यायच्या.

देवपुरात आता दर कोपऱ्याला दातांचा दवाखाना आहे. आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. बायकोने तर रिक्षाच आणून उभी केली. अक्का खुर्चीवरून उठल्या नाहीत. "घरचा डॉक्टर असताना बाहेर कसाले जाऊ? लोक काय म्हणतील? पोर दातांची डॉक्टर आणि फुई दुसऱ्याकडे?"

"मग तिला बोलवा ना."

"येईल. सवड झाली की येईल."

गल्लीत कुणाला साधी शिंक आली तर त्याला ओढून दवाखान्यात नेणारी ही बाई. मला त्यांचा रागच आला.

त्याच सुमारास माझी सायली बारावीला गेली. तिलाही डॉक्टर व्हायचं होतं. जळगावला एक मोठा क्लास आहे, तिथे चौकशी करून येऊ म्हणून आम्ही बापलेक सकाळच्या बसने निघालो. पारोळा, एरंडोल करत जळगावला उतरलो. ऊन मी म्हणत होतं. क्लासची इमारत मात्र आतून गारेगार. भिंतीवर हसऱ्या मुलांचे फोटो, काचेच्या केबिनी, प्रत्येक केबिनीत एक मॅडम. आमचा नंबर आला. आत गेलो. मॅडम खाली मान घालून कागद लावत होत्या. "बसा सर," म्हणाल्या आणि वर पाहिलं.

वैशाली होती.

निळा कोट, गळ्यात ओळखपत्र. ती मला बघून उभी राहिली, पुन्हा बसली. शेजारच्या केबिनीतून कुणीतरी बघत होतं, म्हणून असेल, तिने पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. कोर्स एक वर्षाचा. हॉस्टेल वेगळं. आता भरलं तर सवलत. बोलता बोलता शेवटी म्हणाली, "फीचं टेन्शन घेऊ नका. लोन होतं." आणि त्या शब्दावर हातातला कागद खाली ठेवला.

सायली लहान असताना याच वैशालीच्या मांडीवर खेळली होती. ती काही न समजून माझ्याकडे पाहत होती.

"तू इथे कधीपासून?" मी विचारलं.

"बरेच दिवस झाले, काका. क्लिनिकमध्ये परवडत नव्हतं. इथे जास्त देतात." मग टेबलावर वाकून, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "फुईला सांगू नका. घर गहाण पडलं तिचं माझ्यासाठी. तिला वाटतंय मी दात बघते."

"अक्कांची दाढ दुखतेय," मी म्हणालो. "फार सुजलीय. कुणाकडे जात नाहीत. तुझी वाट बघतायत."

तिने कागद सरळ केले. पुन्हा सरळ केले. "मी कोणत्या तोंडाने जाऊ, काका?" म्हणाली. तेवढ्यात दारात पुढचे पालक उभे राहिले. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी, मागे चष्मा लावलेली मुलगी. आम्ही उठलो.

परतीच्या बसमध्ये सायली खिडकीला डोकं टेकून होती. एरंडोल गेल्यावर म्हणाली, "बाबा, मी बीएस्सी करू का?" मी म्हणालो, बघू. माणूस बघू म्हणतो तेव्हा त्याने काहीच बघितलेलं नसतं. शेवटी आम्ही फी भरलीच. दुसऱ्या क्लासची, धुळ्यातली. एवढाच फरक.

दोन-तीन दिवस मी अक्कांना चुकवत होतो. पण गल्ली अरुंद आहे. एका दुपारी त्यांनी हाक मारली. ओढणी बांधलेली, गाल आता डोळ्यापर्यंत सुजलेला, अंगात कणकण. मी म्हणालो, "अक्का, आता पुरे. ताप आलाय तुम्हाला. नर्स होतात ना तुम्ही? हे विष अंगात पसरलं तर?"

"जळगावला गेला होतास म्हणे," त्या म्हणाल्या.

मी पायातली चप्पल सारखी केली.

"क्लासात?"

मी मान हलवली.

"माले बठ्ठं म्हाईत शे भाऊ. मी दखी उनू तिले."

आणि मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक, गाल धरून. उन्हाळ्यापूर्वी त्या न कळवता जळगावला गेल्या होत्या. क्लिनिकमध्ये कळलं, मॅडम सोडून गेल्या. तिथल्याच मुलीने क्लासचा पत्ता दिला. अक्का रस्त्याच्या पलीकडे उसाच्या रसाच्या गाडीशी उभ्या राहिल्या. काचेतून वैशाली दिसत होती, कुणा बाप-लेकीशी बोलताना. "चांगली बोलत होती," अक्का म्हणाल्या. "हात हलवून हलवून. बारीक झालीय." त्यांनी रस घेतला, तो तसाच ठेवला आणि बस पकडून घरी आल्या.

"मग तिथेच जाऊन भेटायचं ना!"

"कशी भेटू? ती माले तोंड दखाडाले लाजस. मी समोर गेले असते तर तिने तो क्लासचा कोट कुठे लपवला असता?"

"आणि हे?" मी त्यांच्या गालाकडे बोट केलं. "हे कशासाठी चालवलंय?"

मांजर पायाशी येऊन बसलं, त्याला त्यांनी पायानेच कुरवाळलं. मग म्हणाल्या, "दात काढी टाकू ते पोर कसाले यी आठे?"

दात काढून टाकला तर पोरगी इथे येईल कशाला. रिकाम्या हाताने घरी यायला तिला लाज वाटते. दुखणारा दात असला तर निदान डॉक्टर म्हणून तरी येईल. तेवढं एक निमित्त त्यांनी गालात सांभाळून ठेवलं होतं, ताप येईपर्यंत.

मी घरात गेलो आणि वैशालीला फोन लावला. "अक्कांना सगळं माहीत आहे. त्या तुला बघून गेल्यात," एवढंच सांगितलं. पलीकडून क्लासचा गलका ऐकू आला. मग फोन बंद झाला.

रविवारी पहिल्या बसने ती आली. अक्का ओट्यावरच होत्या. गल्लीच्या तोंडाशी ती दिसली तशा त्या उठल्या, ओढणीची गाठ सारखी केली आणि पहिलं वाक्य काय बोलल्या, तर, "बसमा गर्दी व्हती का?"

"नाही फुई."

"जेवनी का?"

"तोंड उघड आधी," वैशाली म्हणाली. मोबाईलची बत्ती लावून तिने तोंडात पाहिलं, बोटाने हिरडी दाबली. अक्का ओरडल्या. वैशालीचा चेहरा एकदम बदलला. इतका वेळ खाली असलेली मान वर आली. "किती दिवस झाले हे? पू झालाय. वेडी आहेस का तू?" असं कुणी अक्कांना बोललेलं आमच्या गल्लीने कधी ऐकलं नव्हतं. पाटीलवहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. अक्का मुकाट्याने शिव्या खात होत्या, आणि खरं सांगतो, त्यांना त्या गोड लागत होत्या.

देवपुरातच वैशालीच्या कॉलेजातला एक मुलगा, तिच्या पुढच्या वर्गातला, दवाखाना चालवतो. रविवार असून त्याने उघडला. एक्स-रे काढला, सूज बघून आधी गोळ्या दिल्या आणि पुढच्या रविवारी यायला सांगितलं. त्या रविवारीही वैशाली आली. सुई देऊन झाल्यावर त्या मुलाने चिमटा तिच्यापुढे धरला. "तू काढतेस?"

वैशालीने हात पुढे केला. मी दारातून बघत होतो. तिने हात मागे घेतला आणि म्हणाली, "नको. सवय मोडलीय माझी." अक्कांनी खुर्चीवर पडल्या पडल्या डोळे मिटून घेतले. आग्रह केला नाही. त्यानेच दाढ काढली. वैशालीने फुईचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

कापसाचा बोळा दाढेच्या जागी ठेवून त्याने बजावलं, घट्ट दाबून धरा, अर्धा तास बोलायचं नाही, मग काढून टाका.

पुढे सगळं ठीक झालं असं लिहायला मला आवडलं असतं. कर्ज अजून आहे, वैशाली अजून त्या काचेमागे बसून लोकांना लोन होतं असं सांगते, आणि घराचे कागद अजून बँकेतच आहेत. पण त्या दुपारी जे झालं तेवढं सांगतो.

आम्ही घरी आलो. त्या दोघी ओट्यावर बसल्या, मी माझ्या पायरीवर पेपर घेऊन. अक्कांच्या तोंडात बोळा. त्यामुळे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो ओटा गप्प होता. वैशाली थोडा वेळ नखांशी चाळा करत राहिली. मग बोलायला लागली. आधी बसबद्दल, खोलीवरच्या पाण्याबद्दल. मग क्लिनिकबद्दल. मोठे डॉक्टर तिला पेशंटच्या अंगाला हात लावू देत नसत, नुसतं पाणी ओढायची नळी धरायला उभं करायचे. क्लासात येणारे आईबाप तिच्याकडे कसे बघतात, ते सांगितलं. ॲडमिशनच्या खिडकीशी फुई तशीच उभी होती, हे तिला रोज आठवतं. हप्त्याच्या तारखेला ती फोन हातात घेते आणि ठेवून देते, कारण फुई जेवलीस का विचारेल आणि मग रडू थांबणार नाही.

"अं," अक्का मधेच म्हणाल्या.

"बोलू नको फुई, रक्त येईल."

अक्कांनी मान हलवली आणि तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. वैशाली बोलत राहिली. ऊन ओट्यावरून खाली उतरून रस्त्यावर गेलं. अर्धा तास केव्हाच उलटून गेला होता. जन्मभर पेशंटांना तोंडातला बोळा कधी काढायचा ते सांगितलेल्या अक्कांना हे कळत नव्हतं असं नाही, आणि वैशालीला तर कॉलेजात ते शिकवलंच होतं. जळगावची बस निघायची वेळ जवळ येत होती. अक्कांनी दात घट्ट मिटून ठेवले होते आणि बोळा काढ असं वैशालीनेही त्यांना सांगितलं नाही.